सुईणीचं दार

फार जुनी गोष्ट आहे, नगरांभोवती तट असायचे तेव्हाची. एका नगराला वेस एकच होती, पश्चिमेला. पूर्वेची वस्ती तटाला खेटून, पण बाहेर. साऱ्यांची सुईण एकच, भिवराबाई. ती राहायची नगरात. वस्तीत कुणी अडली, की तिला वेशीतून बाहेर पडून अख्ख्या नगराला वळसा घालावा लागे. कधीकधी उशीर होई.

तिने सभापतींना विनवलं, “पूर्वेच्या तटात माझ्यापुरतं एक दार पाडून द्या.”

मागणी रास्त होती, म्हणून ती समित्यांकडे गेली. आता या नगराची एक रीत होती. पुढे आलेल्या गोष्टीत समितीने काहीतरी फेरफार करायचाच. नाही केला, तर लोक म्हणत, नुसते विडे चघळून उठले.

तटाची समिती म्हणाली, “दाराने तट कच्चा होईल. दार अरुंद करू.”

पहाऱ्याची समिती म्हणाली, “अरुंद दारातूनही चोर शिरेल. ठेंगणं करू.”

शोभेच्या समितीला दार रस्त्यावरून दिसायला नको होतं. तिने ते आणखी आखडलं.

प्रत्येक वेळी सभापतींनी आधी उजवा हात वर केला, मग बाकीच्यांनी. कुणाच्या मनात पाप नव्हतं हो. तटापाशी जाऊन बघायचं तेवढं राहिलं.

दार झालं, हारतुरे झाले. भिवराबाईने वाकून पाहिलं. “मांजराची सोय झाली,” ती म्हणाली, आणि पुन्हा वळसा घालू लागली.

पुढच्या वर्षी सभापतींची लेक अडली. तिला वस्तीतल्याच एका घरी दिली होती. भर दुपारी निरोप आला, तशी भिवराबाई वेशीकडे पळाली. सभापती धावले ते जवळच्या दाराकडे. पलीकडून लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. त्यांनी डोकं घालून पाहिलं, खांदा घालून पाहिला. आत गेला तो फक्त उजवा हात. तटापलीकडे तो हात नुसता चाचपडत राहिला.

भिवराबाई पोचली. लेक वाचली, बाळ गेलं.

दुसऱ्या दिवशी सभापतींनी सगळ्या समित्यांना त्या दारापाशी नेलं. “जा पलीकडे,” एवढंच ते म्हणाले. कुणी जागचं हललं नाही. संध्याकाळच्या आत दार माणसाएवढं झालं. त्याला कुणी हार घातला नाही.

तात्पर्य: ज्याच्यासाठी निर्णय घ्यायचा, त्याच्या जागी आधी उभं राहावं आणि मगच हात वर करावा.