न पाझरणारी बारा मडकी

"म्हणजे सगळीच मडकी गळकी आहेत?"

"सगळी," दादनशाह बाबा म्हणाले. "एखादं धड निघालं, तर मी कुंभाराकडे परत पाठवतो."

मुनीर हसला. राजधानीत पाच वर्षं जलविद्या शिकून तो वाळवंटातल्या आपल्या शहरात नुकताच परतला होता. आज बाबांचा शिष्य व्हायला आला होता. खरं सांगायचं तर, बाबांच्या मागे बागेचा राखणदार व्हायला.

बाग वेशीबाहेर होती. साठ घरांची, सामाईक. दुधी, वांगी, चवळी, थोडा पुदिना. प्रत्येक रोपाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. दर तिसऱ्या दिवशी ज्याने त्याने शहराकडून येणाऱ्या पखालींतून आपलं मडकं भरायचं, झाकण ठेवायचं आणि घरी जायचं. बाकीचं मडकं बघून घ्यायचं.

भोवती नुसती वाळू. बाहेरून भाजीचा उंट महिन्यातून एकदा यायचा. त्याच्या पाठीवरची भाजी बघून उंटालाच दया यायची.

"बाबा, या मडक्यांतून किती पाणी झिरपून जातं, कधी मोजलंत?"

"नाही."

"मी मोजलं. एका दिवसात अर्धं!"

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते दुसऱ्या दिवशी जातं."

"हं…"

"झाडाला पाणी लागत नाही, बाबा. गारवा लागतो. मडकं गार तर मूळ गार. मूळ गार तर झाड खूश. मला एक वाफा द्या. बारा मडकी. दहा दिवस एक थेंब खर्च होऊ देणार नाही."

  बाबांनी भिंतीलगतच्या वाफ्याकडे बोट दाखवलं.

"बाबा!" वांगी खुडणारी हमीदाबी ताडकन उठली. "त्या वाफ्यात माझा दुधी आहे."

"आहे."

"सून बाळंत झालीय. घरात नऊ तोंडं. दुधी वाळला तर काय याची विद्या शिजवू?"

"खाला, दहा दिवसांनी तुम्हीच मला दुआ द्याल," मुनीर म्हणाला.

"देईन की. दुआला पाणी लागत नाही."

मुनीरने बाराही मडकी उकरली, उन्हात वाळवली. आतून लाख लावली, बाहेरून लाख लावली. पुन्हा पुरली, काठोकाठ भरली, झाकली. मग त्या बारा घरांना बजावलं, दहा दिवस कुणी पाणी घेऊन इकडे फिरकायचं नाही.

चौथ्या दिवशी त्याने झाकण उघडलं. मडकं काठोकाठ. रोपं हिरवीगार.

सातव्या दिवशी उघडलं. मडकं काठोकाठ. दुधीला फूल.

नवव्या दिवशी त्याला राहवेना. बाबांना न विचारताच त्याने शहराच्या पाणीपंचांना पत्र धाडलं… बागेला यापुढे पाण्याची गरज नाही.

पंचांचं उत्तर तासाभरात आलं. एरवी त्यांच्या उत्तराला पाऊण वर्ष लागायचं.

मुनीरने ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "उद्या दुपारी पंच पाहणीला येतील. खरं निघाल्यास बागेला मिळणाऱ्या रोजच्या दहा पखाली कायमच्या बंद. ते पाणी चौकातल्या नव्या कारंज्याला देण्यात येईल."

त्याने पत्राची घडी घातली. "आता राखणदार कोण, बाबा?"

बाबा पानांवरच्या अळ्या वेचत होते.

"उद्या पहाटे वाफ्यात ये."

"पहाटे? किती वाजता?"

"हमीदाबीच्या आधी."

मुनीर पहाटे येऊन भिंतीआड बसला.

थोड्या वेळाने हमीदाबी आली. ओढणीखाली तांब्या. तिच्यामागे आणखी एक बाई. तिच्यामागे आणखी एक. ओळीने बाराजणी, आपापल्या रोपाशी वाकल्या.

"हळू ओत गं. माती ओली दिसली तर पोराला कळेल."

"वरून कोरडी वाळू पसर की."

"आठ दिवस झाले, बाई. घरात तोंड धुवायला पाणी उरत नाही. आमचे हे विचारतात, नमाजाआधी हातपाय धुवायचं, वजूचं पाणी कुठे गेलं? मी म्हटलं, झिरपलं."

"आजचा दिवस काढ. पाच वर्षं शिकून आलंय लेकरू. सगळ्या गावासमोर तोंडावर पडेल."

मुनीर भिंतीआडून उभा राहिला.

कुणाच्या तरी हातून तांब्या पडला. 

"मग… माझी मडकी?" मुनीरने विचारलं.

"छान आहेत रे," हमीदाबी घाईने म्हणाली. "फारच छान. फक्त… झाडांना कळत नाहीत."

मुनीर धावत बाबांकडे गेला.

"बाबा! पंच येतायत! पाणी बंद होईल! साठ घरं…"

"मग सांग त्यांना."

"काय सांगू?"

बाबांना आणखी एक अळी सापडली होती.

दुपारी तीन पंच आले. सोबत कारकून. मोठ्या पंचांनी स्वतःच्या हाताने झाकणं उघडली. एक, दोन, तीन… सगळी काठोकाठ. त्यांनी हिरव्या पानांवरून हात फिरवला.

मुनीर हात जोडून पुढे झाला. "पंचजी, मी चुकलो. मी मूर्ख आहे."

मोठ्या पंचांचे डोळे भरून आले. "इतकी विद्या आणि इतका विनय!"

"विनय नाही. मी खरंच मूर्ख आहे."

"ऐका, ऐका," ते दुसऱ्या पंचांना म्हणाले. "खरा विद्वान असाच बोलतो."

"अहो, या बायका रोज पहाटे पाणी घालत होत्या!"

"होय, पंचजी, आम्हीच," हमीदाबी म्हणाली.

"बघा! गावातल्या बायकासुद्धा त्याला साथ देतायत. मोठेपणा स्वतःकडे घ्यायला तयार नाही पोरगा." मोठे पंच कारकुनाकडे वळले. "लिही. आजपासून पखाली बंद."

कारकुनाने कलम काढलं.

हमीदाबी होती तिथेच वाळूत बसली.  

मुनीरने तिच्याकडे पाहिलं. मग तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनीच एक मडकं उकरू लागला. झाकणावरून आपलं मुंडासं गुंडाळलं, तीन गाठी मारल्या आणि ते भरलेलं मडकं मोठ्या पंचांच्या हातांत दिलं.

"दमला असाल, पंचजी. पाणी घ्या."

"हां, तहान तर लागलीय." पंचांनी गाठ ओढली. मग दुसरी ओढली. "अरे, हे सोड."

"सोडायचं कशाला? पोटाशी धरा. गार आहे."

"गार आहे, पण…"

"मडकं गार तर पोट गार. पोट गार तर पंच खूश."

"मला पाणी प्यायचंय!"

"आहे ना पाणी. काठोकाठ आहे. दहा दिवसांत एक थेंब कमी झालेला नाही."

ऊन डोक्यावर होतं. मोठे पंच मडकं कवटाळून उभे राहिले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम मडक्यावर टपकला. त्यांनी मडक्याकडे पाहिलं. रोपांकडे पाहिलं. वाळूत बसलेल्या हमीदाबीकडे पाहिलं. बाराजणींच्या वाळलेल्या ओठांकडे पाहिलं…

"खोड ते," ते कारकुनाला म्हणाले.

"काय लिहू मग?"

"लिही, दहा पखाली चालू. आणि हे सोडा रे कुणीतरी आधी!"

हमीदाबीने गाठी दातांनी सोडवल्या. पंच अर्धं मडकं पिऊन गेले. जाताना कारंज्याचं नाव कुणी काढलं नाही.

संध्याकाळी मुनीर शेकोटीपाशी बसून मडकी तापवत होता, वितळलेली लाख खरवडत होता. बोटं भाजली होती. पलीकडच्या वाफ्यात बाबा निंदणी करत होते.

"बाबा."

"हं."

"तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"हं."

"मग सांगितलं का नाहीत? आठ दिवस बारा घरांनी तोंडचं पाणी काढून दिलं. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर…"

बाबांचं खुरपं थांबलं.

"बोललो असतो, तर ऐकलं असतंस?"

मुनीरने मडकं खाली ठेवलं. विचार केला. खरोखरच विचार केला.

"…नाही."

बाबांनी खुरपं पुन्हा मातीत घातलं.

"मग वाळूत कशाला ओतायचं?"