भिवराबाईची पहिली धार

मोहाची झाडं होती पण पेट्रोलचा पंप नव्हता, त्या काळची ही गोष्ट. हिरडटोल्यात भिवरा कलारीण मोहफुलांची दारू गाळायची. बोलणं असं गोड, की गिऱ्हाईक पायरीवरच अर्धं झिंगायचं. उरलेलं अर्धं का झिंगत नाही, हे कोणी विचारलं नाही. भिवरा घागरीत पाणी घालायची. धंद्यात हात थोडा ओला होतोच म्हणा! पण ‘भिवराबाईची म्हणजे निखळ’ असा तिचा लौकिक, आणि त्या लौकिकावरच तिची चूल पेटायची.

तेव्हा कुठं दूरदेशी लढाई चालली होती आणि बोटीनं येणारं पेट्रोल मिळेनासं झालं होतं. गावातली एकुलती सर्विस मोटार पिंपळाखाली उभी. अशात फुलवंता नावाची गावची सून बाळंतपणात अडली. सुईण म्हणाली, “पोर आडवं आहे. तालुक्याच्या दवाखान्यात न्या, नाहीतर दोघंही जातील.” बैलगाडीनं काही ते जमणार नव्हतं.

पारावरचे म्हणाले, “भिवराबाईची निखळ आहे, चुलीत पडली तर भडका उडंल. घाला मोटारीत!”

भिवरानं नाइलाजानं घागर आणून दिली. अजीजभाई ड्रायव्हरनं तळाशी उरलेल्या पेट्रोलवर इंजिन तापवलं आणि घागर ओतली. मोटार खोकली, थरथरली, गप्प झाली.

अजीजभाई हळूच म्हणाला, “बाई, माणूस फसते वो, इंजिन नाही फसत. पाणी आहे काय याच्यात?”

सगळं गाव बघत होतं. मोटारीत फुलवंता कण्हत होती.

“आहे,” भिवरा म्हणाली. “पहिल्यापासून आहे.”

“तरीच मले कधी चढली नाही!” एक म्हातारा ओरडला.

भिवरा घराकडं धावली. देवीच्या जत्रेसाठी राखलेली बरणी तिनं उचलली. पुन्हापुन्हा भट्टीवर चढवलेली पहिली धार ती. तिच्यात पाणी घालायची भिवराचीही छाती नव्हती. देवीआधी ती कोणाला द्यायची नाही, अशी रीत.

“टाकी रिकामी करा अन् ही ओता. देवीचं मी पाहते,” ती म्हणाली.

असं म्हणतात, मोटार त्या दिवशी गुरगुरली नाही, गायली. मागं काळा धूर नाही, नुसता मोहाचा दरवळ. असं म्हणतात, अर्ध्या वाटेत टाकी कोरडी पडली, तरी त्या दरवळावरच मोटार दवाखान्याच्या दारात पोचली. फुलवंता वाचली, लेकही वाचली. जे बोटीनं येईना, ते आपल्याच झाडाखाली वेचायला मिळतं, हे गावाला तेव्हा उमगलं. भिवराचं गिऱ्हाईक चार दिवस रुसलं, मग परत आलं.

आता फाट्यावर पंप आहे, इथेनॉल, म्हणजे दारूचाच अर्क, घातलेलं पेट्रोल मिळतं. हिरडटोल्यात नवी गाडी आली, की आजही टाकीच्या झाकणावर मोहफूल ठेवतात. पंपावर गाडीचा मालक विचारतो, “पाणी नाही ना?” पंपवाला म्हणतो, “भिवराबाईची आण!”

त्याशिवाय नळी टाकीत जात नाही.