कधीच न उघडणारं कवाड

फार फार वर्षांपूर्वी, राजा दूर राहायचा आणि जहागीरदार डोक्यावर बसायचा त्या काळी, एका डोंगराच्या दोन अंगांना दोन गावं होती. मधल्या पठारावर हिरवंगार गायरान होतं. त्यावरून आधी डोकी फुटायची. मग दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलं, की जत्रेत दोन्ही गावांचा एकेक गडी मुठींनी झुंजेल. ज्याचा गुडघा मातीला टेकेल त्याचं गाव हरलं. दिवस मावळेपर्यंत कोणीच पडलं नाही, तर गायरान ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहील.

गायरान उगवतीच्या गावाकडे होतं, आणि ते टिकलं होतं सिदोजीच्या हातांवर.

सिदोजी काही धिप्पाड गडी नव्हता. पण त्याचा बचाव पाहायला माणसं लांबून यायची. कोपरं कुशीला चिकटवून तो दोन्ही हात तोंडासमोर असे उभे धरायचा, जणू दाराच्या फळ्या मिटल्या. लोक त्याला 'सिदोजीचं कवाड' म्हणत. समोरचा गडी त्यावर ठोसे घालून घालून दमायचा. त्याचे हात जड झाले, की कवाड किंचित उघडायचं, आतून एकच ठोसा निघायचा आणि झुंज संपायची.

त्या वर्षी मावळतीच्या गावाने जहागीरदाराचा भाचा उतरवला. जत्रेआधी जहागीरदाराचा निरोप उगवतीच्या पाटलाकडे आला, "आमच्या भाच्याला लागलं, तर आम्हाला बरं वाटणार नाही."

एवढंच. पण पाटलाला तेवढं पुरलं. तो गावातली चार वजनदार माणसं घेऊन तडक तालमीत गेला.

"सिदोजी, उद्या मारायचं नाही बाबा," पाटील म्हणाला. "नुसतं कवाड लावून उभा राहा. तू पडला नाहीस की गायरान आपलंच. जहागीरदाराचीही मर्जी राहील."

तालमीचे वस्ताद तुळाजी तिथेच आखाड्याची माती उकरत होते. त्यांनी कुदळ टाकली.

"पाटील, या कवाडाला लोक भितात कशामुळे? आतून ठोसा येईल म्हणून! ती धास्ती असते म्हणून समोरचा लांबून मारतो, जपून मारतो. ती गेली की तो अंगावर येऊन भिडेल. हात वर धरले की कूस उघडी पडते, खाली घेतले की तोंड. आणि मिटल्या हातांआडून दिसतं तरी किती? याला तुम्ही बचाव म्हणता?"

"वस्ताद, जरा गावाचा विचार करा."

"मी गावाचाच करतोय. तुम्ही जहागीरदाराचा करताय!"

पाटलाने मान फिरवली. बरोबरच्या चौघांनी जमिनीकडे पाहिलं. उद्या मार खायला त्यांच्यापैकी कोणी उभं राहणार नव्हतं, तरी एकाच्याही तोंडून 'हे बरोबर नाही' एवढे शब्द निघाले नाहीत. सिदोजी मोठ्यांचा शब्द मोडणारा नव्हता. तो म्हणाला, "गाव सांगतंय, तर नाही मारणार."

दुसऱ्या दिवशी झुंज लागली. सुरुवातीला भाचा बिचकत होता. एक ठोसा मारायचा आणि मागे उडी घ्यायचा. सगळे ठोसे सिदोजीच्या हातांवर विरले. उगवतीच्या गावाने टाळ्या वाजवल्या.

पण भाचा मूर्ख नव्हता. कवाड उघडण्याजोगी वेळ आली आणि गेली, तरी उघडलं नाही. मग पुन्हा एकदा तसंच झालं. तेव्हा तो हसला. आता त्याने स्वतःचा बचाव सोडून दिला आणि सिदोजीला खेटून तो दोन्ही हातांनी कुशीत मारू लागला. सिदोजीने कोपरं खाली ओढली, तर ठोसा कानावर बसला. हात वर नेले, तर बरगडीवर. एक बरगडी मोडल्याचा आवाज पुढे बसलेल्यांनी ऐकला.

"सिदोजी, सोस!" पाटील ओरडला. "सोस, बाबा! दिवस कलतोय!"

मारणारा मारतो, ते वाईटच. पण सावलीत बसून दुसऱ्याला 'सोस' म्हणणाऱ्याला काय म्हणावं?

तुळाजी वस्ताद आखाड्याच्या कडेला धावले. रागाने त्यांचा आवाज फाटला होता. "अरे, ते कवाड मी तुला शिकवलं ते उघडण्यासाठी! मिटून मरण्यासाठी नाही!"

श्वास घेतला की सिदोजीची कूस पेटत होती. त्याने हातांमधल्या फटीतून पाहिलं. भाचा हात खाली सोडून, मान वळवून जत्रेला आलेल्या जहागीरदार मामाकडे बघत हसत होता. त्या हसण्याने सिदोजीच्या मनातली पाटलाची भीड जळून गेली. कवाड उघडलं. ठोसा हनुवटीवर बसला आणि भाचा गुडघ्यांवर आला.

मग उगवतीच्या गावातून एक गुराखीण उठून उभी राहिली, तिच्यामागून दुसरी, आणि पाहता पाहता सगळं गाव उभं राहिलं. जहागीरदाराने त्या माणसांकडे पाहिलं, भाच्याला उचलायला सांगितलं आणि घोड्यावर बसून तो निघून गेला. पाटलाला ज्याची एवढी धास्ती होती, ते काहीच घडलं नाही.

गायरान राहिलं. पण सिदोजीची बरगडी वाकडी जुळली. त्याचा डावा हात खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही, आणि तो पुन्हा कधी झुंजला नाही.

पाटील हार घेऊन त्याच्या दारी आला, तेव्हा सिदोजी अंथरुणावर होता. त्याने हार घेतला नाही.

"पाटील, ठोसे त्याचे होते," तो म्हणाला, "पण माझे हात तुम्ही बांधले होते."

पाटील हार हातात घेऊन तसाच माघारी गेला. पुढच्या जत्रेआधी गावाने दुसरा पाटील नेमला.

तात्पर्य : जो उलटून कधीच मारणार नाही अशी समोरच्याची खात्री पटते, त्याचा भक्कम बचावही फार काळ टिकत नाही.