मर्यादवेलीवरचा भुंगेरा

“...पण मग बाई, इतकी वर्षं या बेटावर राहून तुम्ही याला नाव का दिलं नाहीत?”

यशोधन टिपणीसने हे विचारलं तेव्हा सबनीसबाई पायरीवर बसून नारळाच्या झावळीचे हीर सोलत होत्या. केरसुणी करायची होती. त्यांनी मान वर केली नाही.

बाई एके काळी कॉलेजात कीटकशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्या आणि अंदमानातल्या या लहानशा बेटावर येऊन राहिल्या. यशोधन त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. ही गोष्ट त्याला कुणी सांगावी लागत नसे.

“कुणाला नाव?” बाईंनी विचारलं.

त्याने पिशवीतून काचेच्या झाकणाची डबी काढली. आत टाचण्यांवर भुंगेरे ओळीने बसवलेले होते. पानं खाऊन जगणारे, तुरीच्या दाण्याएवढे, पाठीवर कासवासारखी ढाल.

“नवी जात आहे, बाई! जगात कुणालाच माहीत नव्हती. मिशांची पेरं मोजली, नराचे आतले अवयव काढून तपासले. जवळची एकही जात जुळत नाही.”

“छान.”

एवढंच? यशोधनला ते लागलं. विमान, मग बोट, बोटीत पोटातलं सगळं बाहेर... एवढा प्रवास त्याने एका ‘छान’साठी केला नव्हता.

“आणि याला मी तुमचं नाव देतोय.”

बाईंचे हात थांबले.

नव्या किड्याला शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नाही, अशी या मंडळींत रीत आहे. गुरूचं द्यावं, गावाचं द्यावं. शोधणाऱ्याचं नाव त्याच्या मागे आपोआप लागतं आणि कायमचं राहतं. देऊळ देवाचं, पायरीवर नाव देणगीदाराचं, तसंच हे.

“वाच बघू,” बाई म्हणाल्या. “कळू दे तरी, मी कशी दिसते ते.”

यशोधनने पिशवीतून निबंधाचे कागद काढले आणि घसा खाकरून वाचलं. ढालीची लांबी झाली, रुंदी झाली, ठिपके झाले.

“...रंग मातकट तपकिरी. निस्तेज. चकाकी अजिबात नाही. याच खुणेवरून ही जात इतर सर्व जातींपासून चटकन वेगळी ओळखता येते.”

“मातकट?”

“हो.”

“निस्तेज?”

“अगदी. म्हणजे... बाई, नावाचा आणि रंगाचा काही संबंध नाही हं!”

बाई हसल्या नाहीत.

“हे तुला मिळाले कसे?”

“आमच्या लोकांनी इथे तंबूसारखी जाळी लावली होती. किडे आपटतात, वर चढतात आणि स्पिरिटच्या बाटलीत पडतात. बाटली पुण्याला आली.”

“आणि जिवंत कधी पाहिलास?”

“जिवंत?” यशोधन गोंधळला. “जिवंत कशाला पाहायचा? वर्णन नमुन्याचं करायचं असतं. तुम्हीच तर शिकवलंत.”

हातातला कोयता बाईंनी खाली ठेवला. शिकवलं होतं खरं.

“बाई, वेळ नाही हो,” यशोधन काकुळतीला आला. “दुसऱ्या एका प्रयोगशाळेला याचा सुगावा लागलाय. दुपारच्या बोटीने जाऊन मी निबंध पाठवला नाही, तर नाव त्यांचं लागेल. माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“चल,” बाई म्हणाल्या. “बोटीला अवकाश आहे.”

घरामागे समुद्र होता. वाळूवर मर्यादवेल पसरली होती, जांभळ्या फुलांनी भरलेली. बाई गुडघे धरून सावकाश खाली बसल्या. त्यांनी एक पान हलकेच उलटं केलं आणि तसंच धरून ठेवलं.

यशोधन वाकला.

पानावर सोनं होतं. सोन्यासारखं काही नव्हे, सोनंच. आताच वितळवून थेंब सोडावा तसं. त्या थेंबाला पाय होते आणि तो पान खात होता.

“बाई... हे काय आहे?”

बाईंनी पान त्याच्याकडे थोडं कलतं केलं.

“असलं मी कुठल्याच संग्रहात पाहिलं नाही! कुठेच नोंद नाही याची...” त्याच्या अंगावर काटा आला होता. “बाई, ही दुसरी नवी जात आहे! एका बेटावर दोन!”

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्याने तिथल्या तिथे वाटणीही करून टाकली.

“यालाच तुमचं नाव देतो. त्या मातकटाला बेटाचं देऊ.”

“बघ जरा,” बाई म्हणाल्या. “नीट बघ.”

“बघितला की!”

किडे मारायची विषाची बाटली त्याच्या खिशात कायम असे. त्याने दोन बोटांत भुंगेरा उचलला. बाईंनी हात पुढे केला... आणि मागे घेतला.

झाकण बसलं. यशोधनने बाटली उन्हात धरली. आत पाय हलले. मग हलायचे थांबले.

“झालं!” तो म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता.

आणि सोनं जायला लागलं.

आधी कडेला तांबूस झालं. त्याला वाटलं, काचेवर आपल्याच श्वासाची वाफ धरली. त्याने शर्टाने काच पुसली. तांबूसपणा ढालीच्या मध्यावर आला. त्याने पुन्हा पुसली. उजेडाकडे फिरवली, सावलीत नेली, बाटली हलवूनही पाहिली.

मग त्याने खांद्यावरच्या पिशवीतून डबी काढली आणि बाटलीला लावून धरली.

तीच ढाल. तेच ठिपके. तोच मातकट रंग.

यशोधन वाळूत बसला. इतके महिने मायक्रोस्कोपखाली त्याने ज्याचा केस न् केस मोजला होता, तो त्याने आज पहिल्यांदा पाहिला होता. आणि पाहिल्याबरोबर मारला होता.

“बाई... तोच?”

बाईंनी होकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते.

“मग तुम्ही मला थांबवलं का नाहीत?”

बाईंनी हातातलं पान सोडून दिलं.

धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. यशोधन जागचा उठला नाही. त्याने कागद मांडीवर घेतले, पेन काढलं, नको ते पान उघडलं, मग हवं ते.

“तो रंग खोडतो मी,” तो म्हणाला. “बाई, सांगा ना... तिथे काय लिहू?”

बाईंनी बाटली त्याच्या हातातून घेतली. उन्हात धरून बराच वेळ पाहिली. मग परत त्याच्या हातात ठेवली.

“आता कशाला खोडतोस? आता जुळतोय.”