कोहळ्याच्या वेलीचं वऱ्हाड

एक होता राजा. असू दे बापडा, आपलं काम त्याच्याशी नाही. आपलं काम त्याच्या मळ्यातल्या माळिणीशी. तिचं नाव येसू. हाताला गुण असा, की वाळकी काडी रोवली तरी पालवी फुटायची.

राजाकडे एक रीत होती, बरं का. नवरात्रातल्या नवमीला कोहळा कापायचा, तोही घरच्याच मळ्यातला. कोहळा झाला नाही, तर माळिणीने मळा सोडायचा. येसूची आई तिथेच राबली, आजीही तिथेच राबली. दुसरं घर तिला ठाऊकच नव्हतं.

श्रावण लागला. कोहळ्याची वेल मांडवभर पसरली, पिवळी फुलं आली. आणि एकदा काय झालं, राणीसाहेब सकाळी फूल हुंगायला वाकल्या, तर मधमाशी डसली! कुठे? थेट नाकाच्या शेंड्यावर! हसू नका रे, तुम्हाला डसली म्हणजे कळेल. नाक झालं वांग्याएवढं. राणीसाहेबांनी फर्मावलं, "मळ्यात एकही माशी दिसता कामा नये!"

मग काय, येसू रोज सकाळी गोवऱ्या पेटवून वर कडुनिंबाचा ओला पाला टाकायची. धूरच धूर! माश्या गेल्या, फुलपाखरं गेली, मधाला येणारी चिमुकली पाखरंसुद्धा गेली.

त्यात येसूची आणखी एक खोड. ज्या फुलामागे फळाची गाठ नाही, ते तिच्या मते वांझोटं. "फुकटखाऊ मेली!" म्हणायची, सगळी खुडायची आणि त्यांची भजी तळायची. तिची आजीही तेच करायची ना!

मग वेलीला बोराएवढा पहिला कोहळा दिसला. येसूने मुळाशी ताक ओतलं. चार दिवसांत तो पिवळा पडून गळला. मग दुसरा दिसला. येसू म्हणाली, दृष्ट लागली. तिने लिंबू-मिरच्या बांधल्या. तोही गळला. मग तिसरा दिसला. येसू देवीला नवस बोलली. तोही टपकन तिच्या पायाशी पडला. मग मात्र तिचा धीर सुटला. मांडवाखाली बसून ती ढसाढसा रडली. "बाई गं, काय कमी केलं मी तुझं? आता मी जाऊ कुठे?"

आणि वेल बोलली. कसली बोलते, चांगली फणकारली!

"रडतेस काय? लेकींची लग्नं काढली मी. लांबून दिसावं म्हणून पिवळी तोरणं लावली. वाऱ्यावर वासाचं बोलावणं धाडलं. पाहुणे उपाशी जाऊ नयेत म्हणून मधाच्या वाट्या भरल्या. अन् तू? नवरदेवांची भजी तळलीस, वऱ्हाड धुराने हाकललंस, वर विचारतेस पाळणा का हलत नाही!"

येसूने कपाळावर हात मारून घेतला. ती वांझोटी फुलं म्हणजे नवरदेव! त्यांच्या अंगावरची पिवळी भुकटी माशी गाठीच्या फुलात, म्हणजे नवरीकडे नेते, तेव्हा कुठे फळ धरतं. आता कळलं बाईला.

दुसऱ्या सकाळी धूर नाही, खुडणं नाही. ऊन पडायच्या आत गुणगुण गुणगुण करत वऱ्हाड हजर. आणि मागोमाग राणीसाहेबही हजर! नाकावर पदर.

"येसू, धूर कुठाय?"

येसू मागे सरली नाही. "राणीसाहेब, माश्या हाकलल्या तर कोहळा नाही. अन् कोहळा नाही तर या मळ्यात मी नाही. आता तुम्ही सांगाल ते."

राणीसाहेबांनी पाहिलं. एक माशी फुलात शिरली, पिवळीधमक होऊन निघाली, शेजारच्या फुलात शिरली. राणीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.  मग राणीसाहेब पदर खाली घेत म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पंगतीत नाक मीच खुपसलं होतं. सकाळचा मळा यांचा. मी येत जाईन उन्हं कलल्यावर."

मग दिवस गेले. नवमी आली. राजा कोहळा उचलायला गेला, तर एवढा थोरला, की एकट्याला उचलेचना! मग एका बाजूने येसू लागली, दुसऱ्या बाजूने राणीसाहेब, आणि दोघींनी तो हसत हसत देवीपुढे नेऊन ठेवला.

येसू कुठे गेली नाही हो. त्याच मळ्यात सुखाने राहिली. चला, मिटा डोळे. ए शिऱ्या, तिचं पांघरूण ओढू नकोस. निजा बाळांनो, निजा.