खिंडीतला दगड

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात केरबा नावाचा गवळी राहत असे. रोज पहाटे सायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या अडकवून तो पाच गावे फिरायचा. त्यामुळे चढ दिसला की इतरांना घाम फुटे आणि केरबाला हुरूप येई.

त्याच्या मनाला एकच हुरहूर होती. आभाळ मोकळे असेल तर वरच्या खिंडीतून लांबवर समुद्र दिसतो, असे जो तो सांगे. केरबा दोनदा वर जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा पांढरे धुके बघून परतला होता. चाळिशी उलटली तरी समुद्र काही त्याच्या नजरेस पडला नव्हता.

पाऊस ओसरल्यावर त्याने तिसऱ्यांदा बेत आखला. सोबत दोन मित्र होते. दस्तगीर सायकली दुरुस्त करायचा आणि सिदराम कपडे शिवायचा. सिदरामचा डावा पाय लहानपणीच्या दुखण्याने काडीसारखा राहिला होता. एका पायाने तो दिवसभर शिलाई मशीन पळवायचा, पण सायकल घेऊन वेशीबाहेर कधी गेला नव्हता. तो घाट चढणार म्हटल्यावर पारावरची मंडळी पोट धरून हसली. सिदरामने ते मनावर घेतले नाही, असे निदान दाखवले तरी.

मित्रांना मात्र त्याने बजावले, "मला कुणी ढकलायचं न्हाई, ओढायचं न्हाई. आज जमलं न्हाई तर पुन्हा घाटाचं नाव काढणार न्हाई."

दोघांनी तसा शब्द दिला.

त्या खिंडीचा एक रिवाज होता. लोक बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून घाट चढत, तेव्हापासूनचा. खिंडीत एक सपाट दगड आहे. जो पहिला पोचेल त्याने त्या दगडावर समुद्राकडे पाठ करून आणि आल्या वाटेकडे तोंड करून बसायचे. शेवटचा सोबती वर आला की मग सगळ्यांनी मिळून वळायचे. असे का, ते कुणालाच ठाऊक नव्हते. एकट्याने आधी बघून घेऊन बाकीच्यांपुढे मिरवू नये म्हणून असेल, असा गावाचा अंदाज होता. केरबाला तर हा निव्वळ खुळेपणा वाटे.

तिघे उजाडताना सायकलींवरून निघाले. घाट नऊ वळणांचा होता. तिसऱ्या वळणाला झाडी संपली आणि समोर कडा उभा राहिला. काळाभोर, ओला आणि इतका उंच की त्याचे टोक बघताना केरबाची टोपी खाली पडली. वरून पाण्याची एक धार सुटली होती, पण वाऱ्याने ती अर्ध्यातच भुरभुरून जात होती, जमिनीपर्यंत पोचतच नव्हती. केरबाचे पाय आपोआप थांबले. पाच गावांत ज्याच्या पायांचे कौतुक होते, त्या माणसाला आपण मुंगीएवढे आहोत असे वाटले आणि त्याचे वाईटही वाटले नाही.

पण समुद्राची ओढ जबर. टोपी उचलून तो पुढे सुटला. दस्तगीर हत्यारांची पिशवी घेऊन सिदरामच्या मागे राहिला.

केरबा खिंडीत पोचला तेव्हा तिथे एक धनगर शेळ्या चारत होता. समुद्राच्या बाजूला धुके दाटले होते. केरबा नाइलाजाने दगडावर पाठ करून बसला. समोर आल्या वाटेची सगळी वळणे उघडी पडली होती. फार खाली सिदरामची सायकल सरकत होती. थोडी चाले, थांबे, पुन्हा चाले.

बराच वेळ गेला. मग मागून वारा आला आणि समोर उभ्या असलेल्या धनगराचा चेहरा एकदम बदलला. त्याने हातातली काठी खाली टेकवली.

"उघडलं," तो हळूच म्हणाला. "बघ की, बाबा. घटकाभरात झाकंल परत."

रोज बघणारा माणूस असा गप्प होऊन बघतो, म्हणजे मागे काय असेल? केरबाच्या मानेवर काटा आला. ही तिसरी खेप होती. खाली कुणाला काय कळणार होते? त्याने दगडावर हात टेकला आणि खांदा वळवला.

तेवढ्यात त्याला खालचे आठवे वळण दिसले. सिदराम सायकलवरून उतरला होता. गुडघ्यावर हात ठेवून तो वाकून उभा होता. मागे दस्तगीरही उतरला आणि दिलेला शब्द पाळायचा म्हणून उगीचच एक नट आवळत बसला. सिदरामने सायकल उताराकडे फिरवली. मग जाता जाता त्याने एकदा वर खिंडीकडे पाहिले.

केरबाचा वळलेला खांदा जागीच थांबला. तो पुन्हा सरळ बसला आणि त्याने हात वर केला.

सिदराम बघत राहिला. मग त्याने सायकल परत चढाकडे वळवली.

आता केरबाला मागचे काही आठवेना. एक पाय दाबायचा, दुसरा नुसता फिरायचा. सायकल डगमगे, पडेल असे वाटे, आणि पुन्हा वीतभर वर येई. एवढा मोठा कडा आणि त्याच्या अंगावरून चढणारा तो एवढासा माणूस. केरबा श्वास रोखून बघत होता. कड्यापेक्षा मोठे काहीतरी आपण बघतो आहोत, असे त्याला वाटले.

सिदराम आणि त्याच्यामागून दस्तगीर वर आले. सिदराम दगडाला टेकून बसला. धाप ओसरेपर्यंत तो आपला डावा पाय चोळत राहिला.

"मी माघारी निघालो हुतो," तो शेवटी म्हणाला. "वर बघितलं तर तुजं तोंड माज्याकडं. पाठ दिसली असती तर गेलोच असतो."

केरबाने बसल्या जागेवरून दगडावर हात फिरवला. तो दगड तिथे कशासाठी आहे, हे त्याला आज कळले.

मग तिघे मिळून वळले. धुके पुन्हा मिटले होते. धनगराने कपाळाला हात लावला. तिघांनी भाकरी सोडली, खाल्ली, वाट पाहिली. निघता निघता धुक्याला भाकरीएवढे भोक पडले आणि त्यातून चमकणारी एक निळी पट्टी दिसली. तीन डोकी एकमेकांना चिकटली. भोक बुजले.

"एवढाच व्हय रं समुद्र?" दस्तगीरने विचारले.

"लई मोठा हाय म्हणत्यात," केरबा म्हणाला. "पर मला आज त्याच्याहून मोठं दिसलं." आणि त्याने सिदरामच्या सायकलची चाके आपल्या टोपीने पुसून दिली.

तात्पर्य: पुढे पोचलेल्याने मागच्यांकडे तोंड ठेवावे; दमलेल्या माणसाला तेवढ्या आधारावर उरलेला घाट चढता येतो.