राही परटिणीची पायघडी

तुम्ही नव्हता, मी नव्हतो, तुमचे-आमचे पणजेही नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. बोरखडीच्या डोहावर राही नावाची परटीण कपडे धूत असे. चुलीतली राख ती मडक्यात भिजत घाली. वर आलेल्या निवळ पाण्यात लुगडी-धोतरं भिजवी, मग रिठ्याच्या फेसात चोळी. पण मळकं पाणी तिनं डोहात कधी सोडलं नाही. काठावरच्या दगडी डोणीत धुवायचं आणि ते पाणी उचलून केळींच्या बुंध्याशी ओतायचं. कंबरेचा काटा ढिला होई. बायका चिडवत, "राहे, डोह तुझा सासरा लागतो काय गं?"

"सासऱ्यापरीस बरा हाय. सगळ्या गावाला पाणी पाजतोय," ती म्हणे.

असं म्हणतात, की तिच्या केळींचा एकेक घड उचलायला दोन गडी लागत.

पुढं रावजी पाटलाच्या मुलाचं लग्न ठरलं. सून बड्या घरची. नवरी दारी येताना परटानं तिच्या वाटेवर पायघड्या अंथरायच्या, ही रीत. राहीनं लांबच लांब कापड धुऊन वाळवलं. स्वच्छ निघालं, पण किंचित पिवळसर दिसे. पाटलाचं तोंड वाकडं झालं. त्यानं दूरच्या बाजारातून एक जहाल खार आणवला आणि गोणी तिच्यापुढं टाकली.

"पाटीलबाबा, ह्येनं कापड पांढरं व्हईल, पर पाणी मरंल," राही म्हणाली.

"पायघडी पांढरीफेक दिसली नाही, तर घाट सोडायचा. दुसरा परीट आणतो मी!"

राही एकटी बाई. घाट गेला तर गावात तिचं काय उरणार? तरीही तिनं गोणीला हात लावला नाही.

मग पाटलानं हे काम आपल्या गड्यांना सांगितलं. गडी कसले उतावीळ! डोण कोण भरणार, पाणी कोण उचलणार? त्यांनी डोहाच्या वरच्या अंगाला ओढ्यातच गोणी उलटी केली आणि त्यात कापड घोळवलं. कापड असं पांढरं झालं, की बघवेना. ते त्यांनी राहीच्या हाती दिलं, "जा, अंथर आता."

वेशीवर वाजंत्री वाजत होती. राहीनं मागं पाहिलं. दुधासारखं पाणी डोहाकडं सरकत होतं आणि मासे उलटे होऊन तरंगत होते. हातात पायघडी होती, म्हणजे घाट हातात होता. तिला फार भीती वाटली, आणि का वाटू नये?

राही वेशीकडं गेली नाही. ती ओढ्यात उतरली. डोहाच्या तोंडाशी तिनं पायघडी आडवी ताणली, कडांवर धोंडे ठेवले आणि मधोमध स्वतः उभी राहिली. असं म्हणतात, की खार कापडापाशी येऊन थबकला. अलीकडं पांढरं पाणी, पलीकडं नितळ. तिच्या हाका ऐकून माणसं कुदळी घेऊन धावली आणि त्यांनी चर खणून ते पाणी पडीक माळाकडं वळवलं. तोवर कापड काळंठिक्कर पडलं होतं. राहीच्या पायांची सालटं निघाली, पण ती हलली नाही.

इकडं नवरी, मैनावती, गाडीत खोळंबली होती. पाटील गरजला, "पायघडी कुठाय?" धावत आलेल्या एकानं सगळं सांगितलं. ते ऐकून नवरी गाडीतून उतरली आणि अनवाणी थेट ओढ्यावर गेली. तिनं भरजरी पदरानं राहीचे पाय पुसले. पाटील मागोमाग आला आणि त्यानं डोक्यावरचं पागोटं उतरवलं.

असं म्हणतात, की राही त्याच दिवशी डोहात गुप्त झाली. कुणी म्हणतं, ती म्हातारी होईतो त्याच घाटावर कपडे धूत राहिली. मला हे दुसरं फार आवडतं.

बोरखडीत अजून कुणी मळकं पाणी डोहात सोडत नाही. आणि नवी सून येते, तेव्हा परीट वाटभर पायघड्या अंथरतो, पण उंबऱ्यालगतची जागा उघडी ठेवतो. सासू विचारते, "इथली पायघडी कुठं गेली गं?"

"राहीनं डोहाला घातली," सून सांगते, आणि मातीवर पाय टेकवून घरात येते.